कार्डाची मागची बाजू

ग्रंथपाल भास्कर इंगळे गेल्याची बातमी मला वाचनालयाच्या मोबाइल ग्रुपवर मिळाली. वर कुणीतरी टाकलेलं गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’, खाली कोमट पाण्यात लिंबू पिळून प्यायल्याने बरे होणारे सतरा आजार, आणि मधोमध भास्कर. फोटोभोवती तयार मिळणारी समईची चौकट होती. फोटो कुठल्याशा उद्घाटनातला कापून घेतलेला, त्यामुळे भास्करच्या खांद्यावर वाचनालयाच्या अध्यक्षांचा अर्धा हात तसाच राहिला होता. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्यातल्या निम्म्या लोकांनी एकतीस वर्षांत भास्करकडून वर्तमानपत्राच्या पुरवणीपलीकडे काही मागितलं नव्हतं, आणि तीही परत केली नव्हती. दहा मिनिटांनी कुणीतरी विचारलं, “मग आज वाचनालय बंद राहणार का?” कुणी उत्तर दिलं नाही, कारण वाचनालय उघडं होतं की बंद, हे त्या ग्रुपमधल्या कुणालाच माहीत नव्हतं.

मला मात्र रडू आलं नाही. मला त्याचं शेवटचं बोलणं आठवलं. तो जाण्याच्या आठ दिवस आधी मी त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात भेटलो होतो. हृदय थकलं होतं, पाय सुजले होते, दोन शब्दांमध्ये दम घ्यावा लागत होता. शोभावहिनी उशाशी बसून संत्र्याच्या फोडी सोलत होत्या. त्याने त्यांना औषधाच्या चिठ्ठीसाठी बाहेर पाठवलं आणि मला म्हणाला, “मास्तर, चार सोमवार हुकले ना बे.”

“हुकू दे. तू बरा हो पह्यले.”

“कार्डं... बरी हायत ना?”

“हाव,” मी म्हणालो. “जशीच्या तशी हायत.”

“मंग ठीक हाय. घरी आलो का पह्यले थेच पायतो.”

त्या दिवशी कार्डं वाचनालयात नव्हती. ती कुठे होती हे मलाही ठाऊक नव्हतं, पण ती का नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं. आजारी माणसाशी खोटं बोलावं लागतं, असं लोक म्हणतात. मी त्याच्यासाठी खोटं बोललो नव्हतो, स्वतःसाठी बोललो होतो. हा लेख त्या एका ‘हाव’साठी लिहितो आहे. पुरवणीच्या ज्या संपादकांनी तो ‘ग्रंथसेवकाला आदरांजली’ म्हणून मागितला, त्यांची मी आधीच माफी मागतो.

आमचं गाव चिखली तालुक्यातलं, अमडापूरच्या बाजाराला जाणारं. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं तर गाव आनंदाने म्हणेल की आपली बदनामी झाली, आणि निषेधासाठी आणखी एक सभा घेईल. सभांची आम्हाला भारी हौस. शाळेत आम्ही एका बाकावर होतो, मी पुढे मराठीचा मास्तर झालो आणि भास्कर बुलढाण्याला ग्रंथपालाचं प्रशिक्षण घेऊन गावच्या सार्वजनिक वाचनालयात बसला. मी निवृत्त झालो तेव्हा लोकांनी मला वाचनालयाचा सचिव केलं. सचिव म्हणजे ज्याचं अक्षर बरं आहे असा माणूस, एवढीच आमच्याकडे त्या पदाची पात्रता. पुस्तकं थोडी आणि जुनी, नवी यायची ती बहुतेक अध्यक्षांच्या ओळखीतल्या कवींची. एकदा एका कवीच्या एकाच संग्रहाच्या बावीस प्रती आल्या. भास्करने त्या खिडकीच्या फळीखाली रचल्या आणि पुढची चार वर्षं ती खिडकी वाऱ्याने आपटली नाही.

मग गावात मोबाइलवर इंटरनेट आलं आणि सगळ्यांनी एका सुरात सांगायला सुरुवात केली की आता वाचनालयाची गरज नाही, सगळं नेटवर आहे. हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की मला त्याची चीड येते. सगळं नेटवर आहे म्हणणाऱ्याला काय आहे आणि कुठे आहे, एवढं विचारावं. तो पिवळा पडलेला विनोद काढून दाखवतो. भास्कर हे वाक्य ऐकून वाद घालत नसे. तो फक्त विचारायचा, “बरं, तुले काय पायजे?” आणि समोरच्याला काहीच नको असायचं.

पण ज्यांना खरंच काही हवं असे, असे लोकही येत. थोडे येत, पण येत. तुरीवरची अळी ओळखायला, आजोबाच्या जमिनीच्या कागदातल्या मोगलाई शब्दांचा अर्थ लावायला, पोरीच्या परीक्षेसाठी, किंवा नुसतं चौथीच्या पुस्तकातला एक धडा पुन्हा एकदा वाचायला. आमच्या कपाटांत यातलं काही नव्हतं. भास्करने ठरवलं की जे कपाटात नाही ते फुकट आणि चोरी न करता कुठे मिळतं, ते आपण शोधून ठेवायचं. आणि त्याने इंटरनेटची सूची केली. कार्डांवर. हाताने.

ते कार्डांचं कपाट आमचं नव्हतं. कुठलं तरी कॉलेज बंद पडलं तेव्हा त्यांच्या ग्रंथालयातलं ते लाकडी कपाट भंगारात निघालं होतं. अठ्ठेचाळीस छोटे खण, प्रत्येक खणात कार्डं, कार्डांच्या खालच्या भोकांतून गेलेली पितळी दांडी. पुढच्या बाजूला त्या कॉलेजच्या पुस्तकांची नावं टाइप केलेली. ती पुस्तकं आमच्याकडे कधीच नव्हती. पण मागची बाजू कोरी होती, आणि कोरा कडक कागद टाकून देणं भास्करच्या रक्तात नव्हतं. त्याने पुढच्या बाजूवर प्रत्येकी एक लाल रेघ मारली, कार्डं उलटी करून दांडीत ओवली आणि मागच्या बाजूवर लिहायला सुरुवात केली.

एका कार्डावर एक प्रश्न. वर विषय, खाली तो कुठे मिळेल त्याची वाट, पायरीपायरीने. त्याची भाषा मला अजून आठवते. ‘पहिलं पान उघडलं की उजवीकडे भिंगाचं चित्र दिसतं. तिथे आडनाव मराठीत टाका. इंग्रजीत टाकू नका, ढीगभर कचरा येतो.’ ‘इथे शब्दकोश चांगला आहे, पण जुने शब्द दुसऱ्या खंडाच्या पुरवणीत आहेत, तिथेही पाहा.’ ‘पुस्तक आहे, पण स्कॅन करणाऱ्याने चाळीस ते छप्पन पानं गाळली आहेत. ती पानं पुढच्या कार्डावरच्या ठिकाणी मिळतील.’ ‘मोठं हिरवं बटण दाबू नका, ती जाहिरात आहे.’ एका कार्डावर नुसतं होतं, ‘खात्रीचं नाही. कोणी लिहिलं ते सांगत नाहीत.’ शब्दकोश, ज्ञानकोश, हक्क संपलेली जुनी पुस्तकं, जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, नकाशे, बंद पडलेली मासिकं, जुनी शालेय पुस्तकं, ऐकायची पुस्तकं. नव्या पुस्तकाची कुणीतरी ग्रुपवर फिरवलेली चोरटी प्रत आणली की तो ती मोबाइलमधून पुसायला लावायचा. “लिहिणारा जित्ता हाय अजून,” म्हणायचा.

विचारायला आलेल्याला तो त्या कार्डाची नक्कल कागदावर करून द्यायचा, कार्ड खणात राहायचं. आणि दर सोमवारी सकाळी झाडलोट झाली की स्वतःच्या मोबाइलवर एकेक कार्ड उघडून पाहायचा, ते ठिकाण अजून जागेवर आहे का. एका सोमवारी चार खण, दर तीन महिन्यांनी सगळं कपाट. काही निवडक कार्डांवर मात्र त्याने कोपऱ्यात एक ठिपका दिला होता, ती दर सोमवारी. उघडलं की तारीख आणि एक बारीकशी खूण. पत्ता बदलला असेल तर नवा लिहायचा आणि ज्याने विचारलं होतं त्याच्या घरी नवी चिठ्ठी नेऊन द्यायचा, उन्हातान्हात, सायकलवर. कार्ड भरलं की त्याला दुसरं टाचायचा.

गाव हसलं. हसण्यात मी पहिल्या ओळीत होतो. मी तर एका समारंभात व्यासपीठावरून म्हणालो की आमचे भास्करराव विमानाला दोरी बांधून त्याला गोठ्यात ठेवतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भास्कर मागच्या बाजूला खुर्च्या मोजत होता, त्याने मान वर केली नाही. मला माझं वाक्य फार आवडलं होतं आणि मी ते नंतर दोन ठिकाणी पुन्हा वापरलं.

त्याच्याकडे येणाऱ्यांत पुंडलिक वानखडे होते. बाजारात मापाडी म्हणून आयुष्य घालवलेला माणूस, साठीनंतर दोन्ही डोळे गेले. भास्करने त्यांना ऐकायच्या पुस्तकांची वाट काढून दिली. सून चिठ्ठीवरची पायरी वाचून मोबाइल लावून द्यायची आणि हे ओट्यावर बसून ऐकायचे. मी एकदा विचारलं, कसं वाटतं? ते म्हणाले, “सर, इतके दिवस मी पोतेच मोजले, मले काय मालूम मानूस इतकं काई बोलते म्हून.” गावात एवढा चांगला वाचक मला दुसरा माहीत नाही, आणि तो अक्षर पाहू शकत नाही. वर्तमानपत्राची पुरवणी पळवणाऱ्या डोळसांबद्दल मी वर लिहिलंच आहे.

आता माझ्या कार्डाबद्दल. तरुणपणी माझी एक गोष्ट एका दिवाळी अंकात छापून आली होती. एकच. अंक पुढे बंद पडला, माझी प्रत कुणी नेली ती आलीच नाही, आणि मग तीस-पस्तीस वर्षं मी त्या गोष्टीबद्दल बोलत राहिलो. वर्गात, व्यासपीठावर, लग्नाच्या पंगतीत. हरवलेल्या गोष्टीचा फायदा असा की ती दरवर्षी चांगली होत जाते. भास्करने हे सगळं मुकाट्याने ऐकलं होतं. एक दिवस त्याने मला बोलावून घेतलं आणि मोबाइल हातात दिला. जुन्या मासिकांचा एक फुकट साठा होता, त्यात तो अंक होता, पान पिवळं, कोपरा फाटलेला, आणि वर माझं नाव.

मी वर पाहिलं. भास्कर नाकावरचा चष्मा पुसत होता.

“वाचली म्या,” तो म्हणाला. “बरी नाई.”

“काय?”

“बरी नाई म्हनतो. भल्ली बोलते, सांगत काईच नाई. अन् शेवट तं तुले जमलाच नाई.”

मग त्याने शांतपणे कार्डाची नक्कल माझ्या हातात ठेवली, जशी तुरीच्या अळीवाल्याच्या हातात ठेवायचा. मी हसलो, काहीतरी बोललो, घरी आलो. घरी गोष्ट वाचली. दोनदा वाचली. गोष्ट खरंच बरी नव्हती. एवढी वर्षं मी जिला मिरवत होतो ती एका हौशी पोराने शब्द उधळून केलेली नक्कल होती. हे भास्करला कळलं होतं हे मला सहन झालं नाही. त्याने नुसतं ‘सापडली’ म्हणून दिली असती तर मी त्याला शाल घातली असती. मी ती नक्कल कुठल्या तरी पुस्तकात कोंबली आणि त्या दिवसापासून वाचनालयात गेलो की आधी घड्याळ पाहू लागलो. भास्करला बदल दिसला असेल. त्याने विचारलं नाही.

नऊ वर्षांनी भास्कर दवाखान्यात गेला आणि त्याच महिन्यात वाचनालयाची तपासणी आली. अध्यक्षांना डिजिटल ग्रंथालय हवं होतं. डिजिटल ग्रंथालय म्हणजे आमच्याकडे एक संगणक होताच, तो काचेच्या पेटीत कुलूप लावून ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून. किल्ली अध्यक्षांच्या कमरेच्या कडदोऱ्याला असते असं लोक म्हणत, मला ते खरं वाटतं. त्या काचेच्या पेटीसमोर आतापर्यंत तीन पाहुण्यांनी फीत कापली आहे. आता त्यात सूची टाकायची होती. पुस्तकांची खरी यादी नोंदवहीत होती, पण नोंदवहीतली पुस्तकं कमी. अध्यक्षांचं लक्ष कपाटाकडे गेलं. “ह्या खणांत किती कार्डं हायत?” त्यांनी विचारलं. शिपायाने सांगितलेला आकडा ऐकून त्यांचा चेहरा खुलला. “मंग हेच टाका ना. भरगच्च दिसते.” सभेत ठराव झाला की कार्डसूची संगणकावर घ्यावी आणि जागा अडवणारं कपाट निकाली काढावं. ठराव मी लिहिला. अक्षर बरं आहे माझं.

चिखलीहून टायपिंग सेंटरवाल्या मीनाताई आल्या. कामाला चोख बाई. पहिलाच खण काढला आणि मला हाक मारली. “सर, ह्याच्यावर लाल रेघ मारेल हाय. अन् मांगच्या बाजूनं बी लिहेल हाय, हातानं. थे बी टाका लागते काय?”

मी खिडकीशी उभा होतो. मला माहीत होतं. पुढची पुस्तकं आमची नव्हती, कधीच नव्हती, आणि मागच्या बाजूवर माझ्या मित्राची एवढी वर्षं होती, हे त्या वेळी इमारतीत असलेल्यांत फक्त मला माहीत होतं. एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. मी म्हणालो, “मांगचं राहू द्या. खरडेल हाय नुसतं. पुढचंच घ्या.”

का म्हणालो? उशीर होत होता, ऊन होतं, मागचं वाचून टाइप करायला महिने लागले असते... ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. ‘शेवट तं तुले जमलाच नाई’ हे वाक्य माझ्या कानात होतं. माझ्यासारख्या माणसाचा सूड असा असतो, हात न लावता घेतलेला. मीनाताईंनी पुढचं टाइप केलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी पडद्यावर दोन-तीन नावं खालीवर केली, मान डोलावली आणि चहा घेतला. आमच्या वाचनालयात आज संगणकावर अशी हजारो पुस्तकं आहेत जी कुठल्याही फळीवर नाहीत. अजून कुणी तक्रार केलेली नाही, कारण अजून कुणी एकही मागितलेलं नाही. कपाट गेलं, कार्डं रद्दीत गेली. मी पुढच्याच आठवड्यात बुलढाण्याला गेलो आणि ‘हाव’ म्हणालो.

तो गेल्यावर सभा झालीच. फ्लेक्स लागला, त्यावर भास्करपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे मोठे. अध्यक्ष म्हणाले की भास्करराव म्हणजे चालतंबोलतं ग्रंथालय होते. हे वाक्य ते मेलेल्या प्रत्येक ग्रंथप्रेमी माणसाबद्दल वापरतात, एकदा जिवंताबद्दलही वापरलं होतं. मग त्यांनी जाहीर केलं की काचेच्या पेटीतल्या त्या डिजिटल ग्रंथालयाला भास्कररावांचं नाव देण्यात येईल. टाळ्या. शोभावहिनी पहिल्या रांगेत पदर ओठांवर धरून बसल्या होत्या. तेवढ्यात मागून काठी आपटली. पुंडलिकभाऊ सुनेच्या हाताला धरून उभे राहिले.

“मले भाषन नाई करा लागत,” ते म्हणाले. “मले येक इचारा लागते. मायं पुस्तक आदल्या महिन्यापासून उघडून नाई राह्यलं. पत्ता बदलला की भास्करभाऊ चिठ्ठी आनून देये. आता थे कार्ड कुठी हाय?”

अध्यक्ष म्हणाले, “काका, आता सगळं डिजिटल झालं.” पुंडलिकभाऊ म्हणाले, “हाव, पन मायं कार्ड कुठी हाय?” अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शोभावहिनींनी पण पाहिलं. मी उठून आभारप्रदर्शन केलं.

दुसऱ्या दिवसापासून मी शोधायला लागलो. रद्दीवाल्याने सांगितलं की कडक कार्डं अमडापूरच्या बाजारात गेली. काय म्हणून, ते त्याला माहीत नव्हतं. बाजाराच्या दिवशी मी तिथे दोन तास हिंडलो आणि शेवटी थकून एका भेळेच्या गाडीपाशी उभा राहिलो. भेळवाल्याने भेळ दिली आणि खायला पुठ्ठ्याचा आयताकृती तुकडा खोचून दिला. तिसऱ्या घासाला मी तो तुकडा उलटा केला. चिंचेच्या पाण्याने ओलं झालेलं निळ्या शाईचं अक्षर होतं, ‘...टाकू नका, ढीगभर कचरा येतो.’

मी भेळ गाडीच्या कडेला ठेवली. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं उभी होती, पोरं, बाया, बैल विकायला आलेले, सगळे भास्करच्या कार्डांनी मुरमुरे तोंडात ढकलत होते आणि कार्ड चाटून मातीत टाकत होते. चिडायला मी मोकळा होतो, पण कुणावर? त्यांना तर चमचा हवा होता, आणि भास्करच्या कार्डांचा एवढ्या लोकांना एका दिवसात कधीच उपयोग झाला नव्हता.

“काय पाह्यता सायेब, चमचा मोडला काय?” भेळवाला म्हणाला. “दुसरा देतो ना. हे मोडत नाईत पन. भल्ले कडक हायत.”

“किती उरले असे?”

त्याने गाडीखालून एक गठ्ठा काढला, सुतळीने बांधलेला. बाकीचे मागच्या चार बाजारांत संपले होते. हा एक खण, ‘त’पासून ‘द’पर्यंत. मी म्हणालो मला हवा आहे. तो म्हणाला, मग मी लोकांना भेळ कशाने देऊ? मी घरी गेलो आणि पुढच्या बाजाराला दोन पिशव्या भरून लग्नपत्रिका घेऊन आलो. निवृत्त मास्तराच्या घरी दुसरं काही नसलं तरी लग्नपत्रिका भरपूर असतात. भेळवाल्याने त्या वाकवून पाहिल्या आणि सौदा मान्य केला. आता अमडापूरच्या बाजारात लोक माझ्या विद्यार्थ्यांच्या शुभविवाहांनी भेळ खातात.

पुंडलिकभाऊंचं कार्ड त्या गठ्ठ्यात नव्हतं. ‘ऐकायची पुस्तकं’ हा ‘ऐ’चा खण, तो कधीच चाटूनपुसून संपला होता. मी स्वतः शोधायला बसलो. भास्कर एका सकाळी करायचा ते काम मला तीन आठवडे पुरलं. मोठं हिरवं बटण मी दोनदा दाबलं. शेवटी ते ठिकाण सापडलं, पायऱ्या कागदावर लिहिल्या आणि चालत त्यांच्या घरी नेऊन दिल्या. सुनेने मोबाइल लावला, आवाज सुरू झाला. पुंडलिकभाऊंनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “भास्करभाऊ लवकर देये.” मी हो म्हणालो. मग तिथेच ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं, कपाटाचं, मीनाताईंचं, दवाखान्याचं. त्यांनी चाचपून मोबाइल बंद केला. मग म्हणाले, “शोभाबाईले सांगतलं काय?” मी त्याच दिवशी वहिनींकडेही गेलो आणि सांगितलं. त्यांनी चहा केला नाही. मी आहे तोवर आमच्यातलं आता असंच राहील, आणि ते योग्य आहे.

गठ्ठ्याची सुतळी मी घरी सोडली तेव्हा ‘द’ यायला वेळ लागला नाही. ‘दिवाळी अंक, जुने.’ खाली माझं नाव, ‘विचारणारे’ या रकान्यात. मी तर कधी विचारलंच नव्हतं, नुसता बोलत राहिलो होतो. खाली वाट लिहिलेली, पायरीपायरीने, माझ्यासारख्या मूर्खालाही कळेल अशी. कोपऱ्यात ठिपका. आणि त्याच्या खाली तारखा. पहिलं कार्ड भरलं होतं, त्याला दुसरं टाचलेलं, त्याला तिसरं, असा एक जाडजूड जुडगाच झाला होता. प्रत्येक तारखेपुढे बारीकशी खूण. नऊ वर्षं, दर सोमवारी, त्या माणसाने ती गोष्ट उघडून पाहिली होती, जी त्याला बरी वाटली नव्हती. मी वाचनालयात घड्याळ पाहत होतो तेव्हाही. शेवटची खूण तो दवाखान्यात गेला त्याच्या आदल्या सोमवारची होती, हात थोडा हललेला... त्याखाली तीन-चार ओळी मोकळ्या.

तो गठ्ठा आता माझ्या टेबलावर आहे, पितळी दांडीऐवजी सायकलची तार ओवली आहे. बाकीचे खण मी आठवून आठवून पुन्हा लिहायला घेतले आहेत. माझ्या हयातीत ते पुरे होतील असं मला वाटत नाही. लिहायला लग्नपत्रिकांची मागची बाजू बरी पडते. काल सोमवार होता. सकाळी झाडलोट झाल्यावर मी चष्मा पुसला, कार्डावरच्या पायऱ्यांप्रमाणे गेलो, मराठीत आडनाव टाकलं. पान पिवळं, कोपरा फाटलेला. उघडलं. मी मोकळ्या ओळीवर तारीख घातली, खूण केली आणि गोष्ट पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचली. बरी नाही.